चार फूट, पाच फूट : स्ट्रिप क्लबमधल्या अदबीचा इतिहास

ऑक्टोबर २००५ मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेने शहरातल्या स्ट्रिप क्लबांसाठी नवे नियम मंजूर केले. डान्सर आणि गिऱ्हाईक यांच्यात कायम चार फूट अंतर हवं. गिऱ्हाइकाने डान्सरच्या हातात थेट पैसे द्यायचे नाहीत. खासगी खोल्या बंद. आतले दिवे आणखी प्रखर. पहिल्यांदा वाचलं की वाटतं, बरंच झालं की! बाईच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, अंधारात कोणी काही करणार नाही.

पण हे नियम लागू होण्याआधीच त्यांच्या विरोधात सह्या गोळा झाल्या, प्रकरण मतदारांपुढे गेलं आणि नोव्हेंबर २००६ मध्ये सिॲटलकरांनी ते मोठ्या फरकाने फेटाळून लावले. मोहिमेमागे क्लबमालक होते, आणि त्यांना धंद्याची काळजी होती हे उघडच आहे. मात्र डान्सर्सनीही उघडपणे विरोध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. आमची कमाई बहुतेक लॅप डान्समधून येते, चार फुटांवरून लॅप डान्स होत नाही. आमच्या रक्षणासाठी नियम करताय, तर आम्हाला विचारलंत का?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. स्ट्रिप क्लबमध्ये गिऱ्हाइकाने कसं वागावं याचे नियम गेली शंभर वर्षं कोणी ना कोणी लिहितंय. कधी न्यायाधीशाने लिहिले, कधी सेन्सॉरने, कधी मालकाने. नाचणाऱ्या बायकांनी ते स्वतः लिहायला घेतले ते खूप उशिरा. आणि नियम कोण लिहितंय यावर ‘आदर’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला. या भागात आपण तोच प्रवास बघणार आहोत.

हा विषय आपल्याकडे कशाला?

कारण आपल्यातले बरेच जण अशा ठिकाणी जातात, आणि त्याबद्दल बोलत नाहीत. मित्राचं लग्न ठरतं, लास व्हेगासची ट्रिप निघते, ग्रुपमधला एखादा ‘चल ना यार’ म्हणतो. लंडनमध्ये ऑफिसातले लोक शुक्रवारी रात्री घेऊन जातात. घरी या विषयावर कोणी काही सांगितलेलं नसतं. आई-बाबा सांगणार तरी काय? मग शिष्टाचाराची शिकवणी होते ती हॉलिवूडच्या सिनेमांवर आणि दोन पेग झालेल्या मित्राच्या सल्ल्यावर.

नियम तसे थोडे आहेत. डान्सरला हात लावायचा नाही. ती म्हणाली तरच लावायचा, आणि ती म्हणेल तेवढाच. स्टेजला लागून असलेल्या खुर्चीत बसलात तर टिप द्यायची. ती द्यायची नसेल तर मागे बसा. डान्स नको असेल तर ‘नको, थँक्यू’ असं सरळ सांगायचं. अर्धा तास गप्पा मारून तिचा वेळ खायचा नाही. फोन खिशात. खरं नाव काय, राहतेस कुठे, ‘तुझ्यासारखी चांगली मुलगी इथे कशी’ हे विचारायचं नाही. शिफ्ट संपल्यावर बाहेर तिची वाट बघत उभं राहायचं नाही.

यातला प्रत्येक नियम कुठून तरी आलाय.

दहा सेंटचं तिकीट

सुरुवात करू स्ट्रिप क्लबच्या आधीपासून. १९२० च्या दशकात शिकागोसारख्या अमेरिकी शहरांमध्ये ‘टॅक्सी-डान्स हॉल’ नावाचा प्रकार जोरात होता. इथे कोणी कपडे उतरवत नसे. दारात दहा सेंटला एक तिकीट घ्यायचं आणि ते हॉलमधल्या मुलीला देऊन तिच्याबरोबर एक गाणंभर नाचायचं. तिकिटाचे निम्मे पैसे तिचे, निम्मे हॉलचे. टॅक्सीसारखा वेळेचा हिशोब, म्हणून हे नाव. शिकागोमधल्या अशा हॉल्सचा अभ्यास पॉल क्रेसी याने केला आणि त्याचं पुस्तक १९३२ साली आलं. शहरी समाजशास्त्रात ते आजही वाचलं जातं.

या हॉल्सची गिऱ्हाइकं कोण होती? बरेचसे स्थलांतरित पुरुष. एकटे राहणारे, दिवसभर राबणारे, नव्या शहरात कोणाशी बोलावं हे न कळणारे. त्यात फिलिपिनो तरुण मोठ्या संख्येने होते. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. तिथून आलेल्यांमध्ये बायका फार थोड्या, आणि गोऱ्या मुलींशी ओळख होण्याची जागा जवळपास नव्हतीच. इस्त्री केलेला सूट घालून, तिकिटांची चळत खिशात ठेवून हे तरुण हॉलमध्ये येत.

आता इथे ‘सभ्य गिऱ्हाईक’ कोण हे कसं ठरलं बघा. जानेवारी १९३० मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिलजवळ फिलिपिनो शेतमजुरांसाठी एक डान्स हॉल सुरू झाला. तिथे गोऱ्या मुली नाचायच्या. त्यावरून गोऱ्या जमावांनी कित्येक दिवस फिलिपिनो लोकांवर हल्ले केले. त्यात फर्मिन टोबेरा हा बावीस वर्षांचा शेतमजूर गोळी लागून मेला. त्याच्या खुनाबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. हॉलमध्ये हे तरुण कसे वागले याच्याशी जमावाला काहीच घेणंदेणं नव्हतं. त्यांचा वर्ण हाच त्यांचा गुन्हा ठरला. आणि त्या नाचणाऱ्या मुलींना काय वाटतं, कोणाबरोबर नाचायचं, हे विचारायचं तर कोणाच्या मनातही आलं नाही.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग माहीत करून घ्यायला हवा. ‘आमच्या बायकांचा मान’ ही भाषा दर वेळी बायकांच्या बाजूने बोलत असते असं नाही.

तरी तिकिटाने एक गोष्ट स्पष्ट केली होती. पैसे एका गाण्याचे आहेत, मुलीचे नाहीत. गाणं संपलं की हिशोब संपला. पुढच्या काळातल्या अदबीचा पाया हाच आहे.

हलायचं नाही

आता लंडनला जाऊ. इंग्लंडमध्ये १९६८ पर्यंत नाटकांवर लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाची सेन्सॉरशिप होती. सोहोजवळच्या विंडमिल थिएटरने १९३० च्या दशकात त्यातून एक पळवाट काढली. लॉरा हेंडरसन ही मालकीण आणि व्हिव्हियन व्हॅन डॅम हा मॅनेजर. त्यांचं म्हणणं असं की नग्न पुतळे चालतात, तर पुतळ्यासारखी स्तब्ध उभी असलेली नग्न बाई का नाही? सेन्सॉरने ते मानलं. अट एकच. हलायचं नाही. स्टेजवर पडदा उघडे, बाई श्वास रोखून उभी, पडदा बंद. (ज्युडी डेंचचा २००५ सालचा ‘मिसेस हेंडरसन प्रेझेंट्स’ हा सिनेमा याच थिएटरवर आहे.)

प्रेक्षकांचं काय? दिवसभर खेळ सलग चालायचे, आणि पुढच्या रांगेतला माणूस उठला की मागचे पुरुष खुर्च्यांवरून उड्या मारत ती जागा पकडायला धावायचे. म्हणजे कायद्याने बाईने कसं उभं राहायचं हे इंचाइंचाने ठरवलं होतं. पुरुषांनी कसं बसायचं हे मात्र त्यांच्यावर सोडलं.

अमेरिकेतल्या कायद्याची नजर फारशी वेगळी नव्हती. १९९१ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंड गावच्या ‘किटी कॅट लाउंज’चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नग्न नृत्य ही एक प्रकारची अभिव्यक्ती आहे हे न्यायालयाने मान्य केलं, पण अगदी काठावरची. त्यामुळे डान्सरने किमान वस्त्र घातलंच पाहिजे असं राज्य म्हणू शकतं, असा निकाल आला. १९९८ मध्ये सिॲटलजवळच्याच केंट शहराचा दहा फूट अंतराचा नियमही न्यायालयात टिकला. अशा नियमांच्या बाजूने शहरं साधारण तेच युक्तिवाद करत आली आहेत. क्लबमुळे आजूबाजूला गुन्हे वाढतात, घरांच्या किमती उतरतात, वेश्याव्यवसाय येतो. चर्चा मोहल्ल्याची, नीतीची, मालमत्तेची. आत काम करणाऱ्या बाईला रात्री कोणी त्रास दिला तर ती कोणाकडे जाईल, हा प्रश्न त्यात जवळजवळ नाहीच.

म्हणून सिॲटलच्या चार फुटांकडे बघताना मला वाटतं की ते अंतर शहराच्या अब्रूसाठी मोजलं होतं. बाईच्या सुरक्षिततेसाठी मोजलं असतं तर ते कदाचित वेगळं आलं असतं. किंवा ती जिथे नाचते त्या खोलीत एक बटण आलं असतं. (ते बटण पुढे आलंच. त्याकडे येतोय.)

कामावर यायचे पैसे

टिपच्या नियमामागची गोष्ट समजायला पैशाची व्यवस्था बघायला लागते.

जून १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातल्या काँडोर क्लबमध्ये कॅरल डोडा टॉपलेस नाचली आणि तो प्रकार देशभर पसरला. त्या काळात क्लबमध्ये नाचणाऱ्यांना सहसा पगार मिळायचा. काहींची युनियनही होती. पुढच्या दोन-अडीच दशकांत हे उलटं झालं. मालक म्हणू लागले की डान्सर आमच्या नोकर नाहीत, त्या स्वतंत्र व्यावसायिक आहेत. आम्ही फक्त जागा देतो, आणि जागेचं भाडं घेतो. याला म्हणतात स्टेज फी.

म्हणजे डान्सर संध्याकाळी कामावर येते तेव्हा तिचा हिशोब शून्यापासून सुरू होत नाही, उणे रकमेपासून सुरू होतो. क्लबला फी द्यायची, डीजेला द्यायचे, बाउन्सरला द्यायचे. पहिले काही डान्स नुसते ते फेडण्यात जातात. मंगळवारची थंड रात्र असेल तर ती घरून पैसे घालून काम करून परत जाते.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या ओफॅरेल थिएटरच्या डान्सर्सनी १९९४ मध्ये याविरुद्ध दावा लावला. आम्ही कर्मचारी आहोत, आमच्याकडून भाडं घेणं बेकायदा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. १९९८ मध्ये तडजोड झाली आणि थिएटरने २८ लाख ५० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याच सुमाराला शहरात ‘एक्झॉटिक डान्सर्स अलायन्स’ ही डान्सर्सची संघटना उभी राहिली होती. तिच्या संस्थापकांपैकी डॉन पासार ही थायलंडहून आलेली डान्सर होती. या चळवळीत स्थलांतरित बायका सुरुवातीपासून होत्या, हे लक्षात ठेवा.

लंडनमध्ये मात्र निकाल उलटा गेला. स्ट्रिंगफेलोज क्लबमधल्या नदीन क्वाशी हिला कामावरून काढलं, ती न्यायाधिकरणाकडे गेली, आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की ती क्लबची कर्मचारी नव्हती. कारण? क्लबने तिला पैसे देण्याची कुठलीच जबाबदारी घेतली नव्हती. तिथे गिऱ्हाइकं ‘हेवनली मनी’ नावाची कुपनं विकत घेऊन डान्सरला द्यायची, आणि क्लब आपला वाटा कापून तिला रोख द्यायचा. क्लबने पैसे दिलेच नाहीत म्हणून ती कर्मचारी नाही, आणि कर्मचारी नाही म्हणून क्लबने पैसे द्यायचे नाहीत. हे वर्तुळ वाचून डोकं गरगरतं, पण कायदा असाच चालला.

आता परत नियमांकडे या. स्टेजजवळ बसून टिप न देणं हा नुसता कंजूषपणा का मानला जात नाही, उद्धटपणा का मानतात? कारण तिच्या रात्रीच्या कमाईची जागा तुम्ही अडवलीय. गप्पा मारून ‘डान्स नको’ म्हणणं का वाईट? कारण त्या अर्ध्या तासाचं भाडं तिने भरलंय. टिप ही तुमच्या दिलदारपणाची निशाणी नाही. ज्या व्यवस्थेत मालकाने पगार द्यायचं बंद केलं, तिथे टिप हाच पगार आहे.

काचेपलीकडचा कॅमेरा

अंतर आणि आदर या वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्या एका ठिकाणाने सगळ्यात स्वच्छ दाखवलं ते म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचं ‘लस्टी लेडी’. हे होतं पीप शो. मधल्या स्टेजवर डान्सर्स, भोवती छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीला काचेची खिडकी. गिऱ्हाइकाने नाणी टाकली की खिडकीवरचा पडदा वर जायचा. कोणी कोणाला हात लावूच शकत नव्हतं. अंतराच्या हिशोबाने याहून सुरक्षित जागा नाही. डान्सर्सना तासाला ठरलेला पगारही मिळायचा.

पण काही खिडक्यांना एकतर्फी काच होती. आतून बाहेरचं दिसायचं नाही. गिऱ्हाइकं त्या काचेमागून व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रण करू लागली. डान्सरला पत्ताही नसायचा, आणि तिचं शरीर कुठल्या तरी टेपवर कायमचं साठवलं जायचं. तक्रारी झाल्या, व्यवस्थापनाने कानाडोळा केला. नाखुशीची इतरही कारणं होती. शिफ्ट वाटताना रंगावरून भेदभाव व्हायचा, आजारी पडलं तर शिफ्ट जायची. १९९६ मध्ये डान्सर्सनी युनियनसाठी मतदान केलं आणि ५७ विरुद्ध १५ मतांनी ते जिंकलं. १९९७ मध्ये पहिला करार झाला. एकतर्फी काचा निघाल्या. या लढ्यावरची ‘लाइव्ह न्यूड गर्ल्स युनाइट!’ ही डॉक्युमेंटरी २००० साली आली. पुढे २००३ मध्ये कामगारांनी ती जागाच सहकारी तत्त्वावर चालवायला घेतली. भाडं वाढलं, धंदा इंटरनेटवर गेला, आणि २०१३ मध्ये ती बंद पडली.

‘फोन खिशात’ हा नियम कोणाला किरकोळ वाटत असेल, तर त्याने हा लढा आठवावा. १९९६ मध्ये कॅमेरा लपवून आणावा लागायचा. आज तो प्रत्येकाच्या हातात आहे, आणि चित्रण पाच सेकंदांत तिच्या घरच्यांपर्यंत, तिच्या मुलाच्या शाळेपर्यंत, तिच्या दिवसाच्या नोकरीपर्यंत पोचू शकतं. खरं नाव न विचारण्याचा नियमही त्याच कुळातला. ती तुम्हाला एक नाव देते. तेवढंच तुमचं.

दारावरची पाटी

मार्च २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या ‘स्टार गार्डन’ क्लबच्या डान्सर्स संपावर गेल्यासारख्या रस्त्यावर उतरल्या. खरं तर त्यांनी सुरक्षेबाबत मालकांना निवेदन दिलं आणि मालकांनी त्यांना आत घेणंच बंद केलं. त्यांच्या तक्रारी वाचल्या तर वर दिलेली यादीच आठवते. गिऱ्हाइकं परवानगीशिवाय चित्रण करतात, अंगाशी येतात, आणि बाउन्सर मध्ये पडत नाही. त्याबद्दल बोललेल्या सहकाऱ्यांना काढून टाकलं. कित्येक महिने त्या दारासमोर वेगवेगळी सोंगं घेऊन निदर्शनं करत राहिल्या. मग त्या अमेरिकी रंगभूमीवरच्या नटांच्या ‘ॲक्टर्स इक्विटी’ या युनियनमध्ये गेल्या. मे २०२३ मध्ये मालकांनी विरोध मागे घेतला. मतमोजणी झाली ती १७ विरुद्ध शून्य.

आणि आता ते बटण. सिॲटल ज्या राज्यात आहे त्या वॉशिंग्टनमध्ये डान्सर्सनी ‘स्ट्रिपर्स आर वर्कर्स’ नावाने संघटना बांधली. २०१९ मध्ये राज्याने कायदा केला की डान्सर एकटी गिऱ्हाइकाबरोबर असेल अशा ठिकाणी तिच्याजवळ पॅनिक बटण हवं. हिंसा केलेल्या गिऱ्हाइकांची क्लबने नोंद ठेवायची, आणि तक्रारीला पुरावा असेल तर त्या माणसाला किमान तीन वर्षं आत घ्यायचं नाही. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर जे इन्स्ली यांनी आणखी मोठ्या कायद्यावर सही केली. लोक त्याला ‘स्ट्रिपर्स बिल ऑफ राइट्स’ म्हणतात. त्यात क्लब घेत असलेल्या फीवर मर्यादा आली. एका शिफ्टला १५० डॉलर किंवा त्या शिफ्टच्या कमाईच्या ३० टक्के, यातलं जे कमी असेल ते. कर्मचाऱ्यांना लैंगिक छळ रोखण्याचं प्रशिक्षण, कपडे बदलायच्या खोलीला कोडचं कुलूप, पुरेसे सुरक्षारक्षक. आणि एक छोटी तरतूद, जी मला सगळ्यात बोलकी वाटते. क्लबच्या दारात गिऱ्हाइकांना योग्य शिष्टाचार सांगणारी पाटी लावायची.

२००५ चे चार फूट आणि २०२४ ची ही पाटी शेजारी ठेवून बघा. राज्य तेच, विषय तोच, गिऱ्हाइकाचं वागणं. पण पहिल्या नियमाने बाईपासून दूर राहायला सांगितलं, आणि तिच्या हातात पैसे ठेवायलाही मनाई केली. दुसऱ्याने गिऱ्हाइकाला दारातच सांगितलं की आत कोणीतरी कामावर आहे. फरक का पडला? दुसऱ्या वेळी टेबलावर डान्सर्स बसल्या होत्या.

आपल्याकडचे पाच फूट

हे सगळं वाचताना महाराष्ट्राची आठवण न येणं अवघड आहे. आपल्या राज्यानेही नाचणाऱ्या बाईपासून गिऱ्हाइकाने किती फुटांवर बसावं हे कायद्याच्या भाषेत लिहिलंय.

मुंबईचे डान्स बार स्ट्रिप क्लब नव्हते. तिथे बायका अंगभर घागरा किंवा साडी नेसून हिंदी गाण्यांवर नाचत. तरी २००५ मध्ये, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, राज्याने त्यांच्यावर बंदी घातली. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. सुमारे ७५ हजार स्त्रियांच्या पोटाचा प्रश्न आहे, असं न्यायालयांपुढे मांडलं गेलं. बारबालांची युनियनही या लढाईत उतरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. श्रीमंतांच्या हॉटेलात जे चालतं ते साध्या बारमध्ये अश्लील कसं, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरला.

मग २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या नावातच अश्लील नृत्यावर प्रतिबंध आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण अशी दोन्ही उद्दिष्टं आहेत. परवान्याच्या अटींवरून त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला त्यात ठरलं की स्टेजला लागून तीन फूट उंच कठडा हवा, आणि कठडा ते खुर्च्या हे अंतर पाच फूट. नव्या कायद्याने डान्सरला हात लावणं गुन्हा ठरवलं. पैसे उधळणं गुन्हा, आणि तिच्या हातात पैसे देणं हाही गुन्हा. सिॲटलसारखंच! १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. पैसे उधळण्यावरची बंदी टिकली, पण टिप देता येईल असं न्यायालयाने सांगितलं.

उधळणं आणि देणं यांतला हा फरक मराठी माणसाला नवा नाही. संगीत बारीतल्या दौलतजादाची रीत बघा. पैसे फर्माईशीबरोबर येतात, ते कोणी दिले याचा पुकारा होतो, आणि त्यांची वाटणी ठरलेली असते. तिथेही शोषण होतं, जातीची उतरंड तर होतीच. कोल्हाटी, डोंबारी समाजातल्या बायका नाचणार आणि गावचे पाटील-सावकार समोर बसणार, हे काही समतेचं चित्र नाही. पण बघणाऱ्याने पैसे द्यायचे आणि ते कलेचे आहेत हे कबूल करायचं, एवढी समज त्या रीतीत होती. नोटा अंगावर फेकण्यात ती हरवते. फेकलेली नोट उचलायला बाईला वाकावं लागतं.

मग जायचं की नाही?

हा निर्णय तुमचा. स्ट्रिप क्लब असावेतच का, यावर स्त्रीवादी विचारवंत आणि कार्यकर्त्यांमध्ये खोल मतभेद आहेत. आइसलँडने २०१० मध्ये असे क्लब बंद केले. ब्रिटनमध्ये त्याच वर्षापासून इंग्लंड-वेल्सच्या स्थानिक परिषदांना त्यांच्या परवान्यांवर जास्त अधिकार मिळाले, आणि त्यासाठी महिला संघटनांनी मोहीम चालवली होती. दुसरीकडे, एडिनबरा परिषदेने २०२२ मध्ये शहरात अशा क्लबांची संख्या शून्यावर आणायचं ठरवलं तेव्हा डान्सर्सची युनियन त्याविरुद्ध उभी राहिली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने परिषदेचा निर्णय रद्द केला. दोन्ही बाजूंना बाईच्या भल्याची काळजी आहे. शिष्टाचाराने हा वाद मिटत नाही, आणि मिटावा अशी अपेक्षाही करू नये. नीट वागलो म्हणजे जागाच नीट झाली, असं होत नाही.

पण वाद मिटेपर्यंत आज रात्रीही कुठेतरी एक डान्सर स्टेज फी भरून कामाला लागलीय, आणि समोर कोणीतरी बसलंय. त्या दोघांमध्ये कायदा क्वचितच हजर असतो. बाउन्सर दुसरीकडे बघत असतो. तिथे काय होईल हे बऱ्याच अंशी समोर बसलेल्या माणसावर ठरतं, आणि त्याहून जास्त त्याच्या मित्रांवर. ग्रुपमधल्या एकाचा हात पुढे गेला, एकाने फोन काढला, तर त्याला पहिल्यांदा थांबवायला तिने बटण दाबायची वेळ का यावी? ‘अरे, ठेव तो फोन’ हे मराठीत सांगितलं तरी चालतं. ते तुम्ही सांगू शकता, आणि तिच्यापेक्षा तुम्हाला ते सांगणं खूप स्वस्त पडतं. तिने सांगितलं तर तिची टिप जाते, कधी शिफ्ट जाते. स्टार गार्डनमध्ये तर नोकरी गेली होती.

जे कधीच जाणार नाहीत त्यांच्यासाठीही यात काहीतरी आहे. वेटर, मसाज करणारी, नखं रंगवणारी, उबर चालवणारी, अशा कितीतरी माणसांचं काम आपल्याशी गोड बोलण्याचंही असतं, आणि त्यांची कमाई आपल्या मर्जीवर लटकलेली असते. त्यातल्या कितीजणी आपल्यासारख्याच दुसऱ्या देशातून आलेल्या असतात. त्यांच्या हसण्याला आपण मैत्री समजतो की काम, हे आपल्या रोजच्या वागण्यातून दिसतं.

पुढच्या वेळी नाचणाऱ्या बायकांच्या ‘प्रतिष्ठेसाठी’ एखादा नवा नियम झाल्याची बातमी वाचाल, मग ती नेवाडातली असो, ग्लासगोमधली असो की मुंबईतली, तेव्हा दोन गोष्टी शोधा. यात तिला मिळणारे पैसे वाढले की घटले? आणि लिहिताना तिला विचारलं होतं का? बातमीत बहुतेक वेळा फूट आणि इंचच छापलेले असतात. ही उत्तरं आपल्यालाच खणून काढावी लागतात.